सिबूतलं फूचाऊ खाणं: कांपुआच्या साध्या ताटलीपासून लाल मद्यातल्या शेवयांपर्यंत

मलेशियाच्या सारावाक राज्यात जाणारे बहुतेक प्रवासी कूचिंगमध्ये उतरतात, लाक्सा हे नूडल्सचं मसालेदार सूप खातात, ओरांगउटान बघतात आणि परत फिरतात. रजांग नदीच्या काठचं सिबू त्यांच्या यादीत नसतंच. मला हे फार खटकतं. डुकराचं मांस आवडीने खाणाऱ्या माणसाला नूडल्सचं खरं मर्म कळावं अशी जागा शोधायची तर मी आधी सिबूचं नाव घेईन. इथलं खाणं महाग नाही, त्यासाठी आरक्षण लागत नाही, आणि सगळ्यांत चांगलं ते कोपऱ्यावरच्या साध्या कॉफीच्या दुकानात मिळतं. फक्त काय, कधी आणि कोणत्या क्रमाने मागवायचं हे माहीत असायला हवं. नाहीतर माणूस दुपारी बारा वाजता पोहोचतो, उरलंसुरलं खातो आणि ‘बरं होतं’ म्हणून निघतो.

हे खाणं सिबूत आलं कुठून

फूचाऊ म्हणजे चीनच्या फुजिआन प्रांतातलं फूचाऊ शहर आणि त्याच्या आसपासचा मुलूख. १९०० मध्ये वोंग नाई सिओंग या मेथडिस्ट ख्रिस्ती विद्वानाने, तेव्हा सारावाकवर राज्य करणाऱ्या इंग्रज घराण्यातले ‘गोरे राजे’ चार्ल्स ब्रूक यांच्याशी करार केला आणि १९०१ पासून फूचाऊ कुटुंबं बोटींतून सिबूला येऊ लागली. थोड्याच काळात हजारावर माणसं आली. भातशेती करायला म्हणून त्यांना आणलं होतं. भात काही नीट साधला नाही. पुढे मिरी आणि रबराने त्यांना तारलं. आज सिबूच्या चिनी वस्तीत फूचाऊंचाच वरचष्मा आहे. त्यांची बोली मलेशियातल्याच पेनांगकडच्या, फुजिआनमधूनच आलेल्या होक्किन लोकांनाही धड कळत नाही.

हा इतिहास खाण्यात स्पष्ट दिसतो. ही कष्टकऱ्यांची ताटली आहे. थोडं मांस, भरपूर नूडल्स, डुकराची एक थेंबही वाया न घालवलेली चरबी, आणि घरच्या तांदळाच्या मद्यातून उरलेला चोथासुद्धा भांड्यात. म्हणून या जेवणात झगमगाट शोधू नका. मसाल्यांची गर्दी इथे नाही, आणि पहिल्या घासाला आपल्या जिभेला काहीतरी कमी आहे असंही वाटेल. तो घास थोडा वेळ तोंडात राहू द्या.

पहिली पायरी: वेळ पाळा

क्वालालंपूरहून सिबूला थेट विमान आहे, साधारण दोन तासांचं. कूचिंगहून विमानाने पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं. रस्त्याने गेलात तर जवळजवळ सगळा दिवस त्यात जातो. सारावाकची इमिग्रेशन तपासणी वेगळी असते. त्यामुळे क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने आलात तरी पासपोर्ट हाताशी ठेवा.

आदल्या संध्याकाळी पोहोचा आणि सकाळ मोकळी ठेवा. कांपुआ, म्हणजे डुकराच्या चरबीत आणि सॉसमध्ये घोळवलेले कोरडे नूडल्स, हा सकाळचा पदार्थ आहे. काही दुकानं दिवसभर तो देतात, पण जाणकार माणूस सात ते नऊच्या दरम्यान जातो. तेव्हा पाणी नुकतंच उकळलेलं असतं, कांदा ताजा तळलेला असतो आणि नूडल्स त्याच पहाटेचे असतात. उशिरा गेलात तर त्याच पातेल्यात शेकडो ताटल्यांचं पीठ उतरलेलं असतं, पाणी घट्ट होतं आणि नूडल्स चिकट निघतात. चांगली दुकानं अकराच्या सुमाराला आवरायलाही लागतात.

दुसरी पायरी: दुकानात बसायचं कसं

सिबूतलं कॉफीचं दुकान म्हणजे ‘कोपीतियाम’. यात दुकानाचा मालक सहसा फक्त चहा, कॉफी, सरबतं विकतो. खाण्याचे ठेले वेगवेगळ्या लोकांचे असतात, त्यांनी त्याच छताखाली जागा भाड्याने घेतलेली असते. आधी टेबल धरा. ते कुठे आहे हे नीट लक्षात ठेवा, मग ठेल्यापाशी जाऊन मागणी द्या आणि हाताने टेबल दाखवा. पेयाची मागणी घ्यायला दुकानाचा माणूस स्वतः येतो. पेय मागवायलाच हवं. जागेचा तो अलिखित मोबदला आहे. पैसे बहुतेक ठिकाणी पदार्थ टेबलावर आला की द्यायचे, खाण्याचे वेगळे आणि पेयाचे वेगळे. म्हणून सुट्टे रिंगिट, म्हणजे मलेशियाचं चलन, खिशात ठेवा. साधी कांपुआची ताटली पाचेक रिंगिटच्या आसपास मिळते. पन्नासची नोट पुढे केली तर सकाळच्या गर्दीत ठेलेवाल्याची पंचाईत होते.

गर्दी असेल तर अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायला हरकत नसते. रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून मानेने विचारलं की पुरे.

कॉफीचं थोडं व्याकरण शिकून घ्या. नुसतं ‘कोपी’ म्हणालात तर गोड कंडेन्स्ड दूध घातलेली येते. ‘कोपी ओ’ म्हणजे दुधाशिवाय, साखरेसह. ‘कोपी सी’ म्हणजे आटवलेलं, बिनगोड दूध आणि वेगळी साखर. मागे ‘कोसोंग’ जोडलं की साखर नाही, ‘पेंग’ जोडलं की बर्फ. कांपुआसोबत मला कोपी ओच बरी वाटते. चरबीच्या चवीवर दुधाची कॉफी जड पडते.

भाषेची फार चिंता नको. मलय भाषेतले चार-पाच शब्द सगळीकडे चालतात. ‘सातू’ म्हणजे एक, ‘दुआ’ म्हणजे दोन, ‘बुंगकुस’ म्हणजे बांधून द्या, ‘बरापा’ म्हणजे किती झाले, ‘तेरिमा कासिह’ म्हणजे आभार. इंग्रजीही बऱ्यापैकी समजते.

तिसरी पायरी: पहिली ताटली पांढरी, साधी

माझा सगळ्यांत ठाम सल्ला इथे आहे. पहिल्या सकाळी पहिली ताटली पांढऱ्या कांपुआचीच घ्या. तिखट नको, काळा सॉस नको, वरून जादा मांस नको.

कांपुआ तीन रंगांत मिळतो. पांढरा म्हणजे मूळचा: डुकराची चरबी, हलका सोया सॉस, तळलेला बारीक कांदा, चिमूटभर अजिनोमोटो. काळ्यात गडद, गोडसर सोया सॉस असतो. लाल म्हणजे चार सिऊचा, म्हणजे गोड लाल मसाल्यात मुरवून भाजलेल्या मांसाचा, रस, काही ठिकाणी मिरचीचा सॉस. काळा आणि लाल दोन्ही चविष्ट असतात, पण गोड सॉसखाली नूडल्सचे दोष झाकले जातात. पांढऱ्या ताटलीत लपायला जागाच नसते. चरबी जुनी असेल, कांदा करपलेला असेल किंवा नूडल्स अर्धा मिनिट जास्त शिजले असतील, तर लगेच कळतं. त्या दुकानात पुन्हा यायचं की नाही, हे एवढ्यावरून ठरवता येतं.

ठेल्याजवळ उभं राहून कामाकडे बघा. बनवणारा आधी रिकाम्या ताटलीत किंवा वाडग्यात चरबी, सॉस, कांदा घालून ठेवतो. नूडल्सची गुंडी जाळीच्या झाऱ्यात टाकून उकळत्या पाण्यात बुडवतो आणि लांब चॉपस्टिक्सनी सतत मोकळी करतो. मग ती गार पाण्यातून काढून पुन्हा क्षणभर गरम पाण्यात बुडवतो. या गार पाण्यामुळे वरचं पीठ धुऊन निघतं आणि नूडल्सला ताण येतो. त्यानंतर झारा जोरात झटकून पाणी पूर्ण काढतो. इथेच आळस केला तर ताटलीत पाणी उतरतं आणि चरबी नूडल्सना चिकटत नाही. शेवटी सगळं एकत्र फिरवलं जातं, वर मांसाच्या पातळ चकत्या आणि कांद्याची पात पडते. बाजूला छोट्या वाडग्यात पातळ सूप येतं, त्याचे वेगळे पैसे नसतात.

ताटली आली की फोटो काढत बसू नका. चरबी गार होताच थिजायला लागते आणि नूडल्सचा गोळा होतो. पहिल्या मिनिटात तळापासून वर असं दोनतीनदा उलटून घ्या, कारण रस खाली बसलेला असतो. मग पहिले काही घास काहीही न लावता खा. चांगल्या कांपुआत नूडल्स एकेक सुटे असतात, दाताखाली किंचित उसळतात, आणि ओठांवर तेलकटपणाऐवजी एक पातळ, खमंग तकाकी राहते. कांद्याचा गोडवा मागून येतो. तळाशी तेलाचं तळं साचलेलं दिसलं, तर प्रमाण चुकलं असं समजा.

अर्धी ताटली झाली की मिरचीचा सॉस घ्या. व्हिनेगरमध्ये मुरवलेली मिरची असेल तर तीच आधी. आंबटपणा चरबीला छान कापतो. गोव्यातलं सोरपोतेल ज्याने खाल्लं आहे, त्याला हे समजावायला नको.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा: कूचिंगचा ‘कोलो मी’ (‘मी’ म्हणजे नूडल्स) आणि सिबूचा कांपुआ एक नव्हेत. कोलो मी कुरळ्या नूडल्सचा असतो, त्यावर बहुधा खिमा असतो आणि व्हिनेगर आधीच घातलेलं असतं. सिबूवाल्यांसमोर दोन्हींची सरमिसळ करू नका, त्यांना ते मनापासून लागतं.

चौथी पायरी: मांसाकडे वळा

दुसऱ्या ताटलीपासून मांस वाढवा. साध्या कांपुआवर चार सिऊच्या किंवा नुसत्या उकडलेल्या मांसाच्या कागदासारख्या पातळ चकत्या येतात. त्या चवीपुरत्या असतात, पोट भरायला नाहीत. जास्त हवं असेल तर ठेल्याच्या काचेमागे काय लटकतंय, कोणत्या भांड्यातून वाफ येतेय ते बघा आणि बोट दाखवा.

सिबूत कांपुआच्या जोडीला मी आवर्जून घेईन ते ‘पिआन सिप’चं सूप. ही डुकराच्या खिम्याची लहान पुरचुंडी, आवरण इतकं पातळ की आतलं गुलाबी सारण दिसतं. चिनी उपाहारगृहांत मिळणाऱ्या जाड वॉनटॉनशी तिची गल्लत करू नका. सूप पारदर्शक असतं, वर कांद्याची पात आणि पांढरी मिरपूड. ते कोरडेही मिळतात, कांपुआसारखे चरबी-सॉसमध्ये घोळवलेले. सारण कमी आणि आवरण जास्त ही तक्रार इथे करू नये, कारण ते रेशमी आवरणच इथे खायचं असतं.

फूचाऊ शहरात याचीच एक थोर बहीण आहे. तिचं आवरण मैद्याचं नसून डुकराच्या मांसाचं असतं. मांस लाकडी मोगरीने तासन्‌तास कुटून, रताळ्याचा स्टार्च मिसळून कागदासारखं लाटतात आणि त्यात पुन्हा मांसाचंच सारण भरतात. तिकडच्या लग्नकार्यांत बदकाच्या अंड्यासोबत हे वाढतात. सिबूत कुठे दिसलं तर किंमत बघत बसू नका.

फूचाऊ माशाचे गोळेही ओळखून ठेवा. बाहेरून पांढरा, लुसलुशीत माशाचा गोळा, आणि पोटात डुकराच्या खिम्याचा रसाळ गाभा. पहिला चावा जपून घ्या. आतला रस उकळता असतो आणि नेमका शर्टावर उडतो.

धाडस असेल तर काळीज, आतडं, रक्ताचे चौकोनी तुकडे घातलेलं सूप मागवा. काळीज नीट शिजवून घ्या. कोवळं ठेवायच्या नादात काही ठेल्यांवर ते आतून लाल राहतं. डुकराचं मांस कुठल्याही स्वरूपात अर्धवट शिजलेलं खाऊ नये, ताटली खुशाल परत द्या. शिजायचा एक मिनिट वाढवून मागितला तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

पाचवी पायरी: कढईच्या भिंतीवरचं पीठ

कांपुआने पोट भरलं नसेल तर त्याच सकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, ‘डिंग बियन हू’ शोधा. हा पदार्थ बनताना बघण्यासारखा आहे. मोठ्या कढईच्या तळाशी रस्सा उकळत असतो. तांदळाचं पातळ पीठ कढईच्या तापलेल्या भिंतीवर गोल फिरवून ओततात, झाकण ठेवतात. भिंतीवर क्षणात पातळ पापुद्रा धरतो. तो उलथन्याने खरवडून खालच्या रश्श्यात ढकलला की मऊ, वळलेल्या पट्ट्या तयार होतात. रश्श्यात काळी अळंबी, सुकवलेल्या लिलीच्या कळ्या, सुके माकूळ, माशाचे गोळे आणि मांस असतं. वरून पांढरी मिरपूड सढळ हाताने.

चव सौम्य, जवळजवळ पथ्याच्या पेजेसारखी, पण समुद्राचा वास असलेली. कोकणातल्या वाचकाला बहुधा लगेच आवडेल. माकूळ, कोळंबी यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र हा पदार्थ टाळावा, कारण रश्श्यातच ते मुरलेलं असतं.

सहावी पायरी: दुपारचा कोम्पिया

दुपारी दोननंतर कोम्पिया. तिळाची छोटी गोल रोटी, आपल्या तंदूरसारख्याच मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला हाताने थापून भाजलेली. भट्टीच्या तोंडापाशी थोडा वेळ उभे राहा. कोपरापर्यंत हात आत घालून एकेक गोळा चिकटवणारा माणूस बघणं हा या गावातला एक मोठा आनंद आहे.

हिची कथा सांगतात ती मिंग काळातल्या ची जीग्वांग या सेनापतीची. सोळाव्या शतकात फुजिआनच्या किनाऱ्यावर चाच्यांशी लढताना सैनिकांना चूल पेटवायला उसंत मिळत नव्हती, म्हणून मध्ये भोक असलेल्या रोट्या भाजून दोरीत ओवल्या आणि गळ्यात अडकवल्या. सेनापतीचं नाव या रोटीला कायमचं चिकटलं.

कोम्पिया तीन तऱ्हांनी खाता येतो. भट्टीतून निघालेला नुसता, त्याच क्षणी, बोटं भाजत. तासाभरात तो चामट होतो, त्यामुळे पिशवीभर घेऊन हॉटेलवर नेण्यात अर्थ नाही. दुसरा प्रकार तळलेला, बाहेरून करकरीत. तिसरा, आणि माझ्या मते सिबूचा खरा मुकुटमणी, मधोमध चिरून त्यात डुकराच्या खिम्याचा दाटसर, गोडसर-खारट रस्सा भरलेला. रस्सा पावात झिरपतो पण तीळ कुरकुरीत राहतात. दोन मागवा, एक कमीच पडतो.

दुपारच्या मोकळ्या वेळात सिबूच्या मध्यवर्ती बाजारात चक्कर मारा. नदीलगतची ही प्रचंड बंदिस्त मंडई आहे. खाली भाज्या, मासे, रानातला कोवळा नेचा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवलेल्या जिवंत कोंबड्या. वरच्या मजल्यावर खाण्याचे ठेले आहेत. खाली कच्चा माल बघून मग वर जेवलं की पदार्थांची नावं डोक्यात बसतात.

सातवी पायरी: लाल मद्य

संध्याकाळी लाल मद्यातल्या ‘मी सुआ’. मी सुआ म्हणजे केसांइतक्या बारीक गव्हाच्या शेवया, हाताने ताणून उन्हात वाळवलेल्या. त्यांच्या पिठातच मीठ बरंच असतं, म्हणून आधी वेगळ्या पाण्यात उकळून ते पाणी टाकून देतात.

मद्य घरचं असतं. चिकट तांदूळ शिजवून त्यात लाल बुरशी धरलेला तांदूळ आणि यीस्टची गोळी मिसळून बरणीत महिनाभर किंवा जास्त आंबवतात. गाळून घेतलेलं लाल मद्य एकीकडे, आणि तळाचा गडद लाल चोथा दुसरीकडे. दोन्ही स्वयंपाकात जातात. भरपूर आलं तिळाच्या तेलात परतून त्यावर कोंबडी, चोथा आणि मद्य घालून शिजवतात, आणि तो रस्सा शेवयांवर ओततात. सोबत उकडलेलं अंडं. वाढदिवसाला हे खातात, लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य. बाळंतिणीलाही महिनाभर हेच देतात, कधी कोंबडीऐवजी डुकराचं काळीज घालून.

उपाहारगृहात मागताना मद्य ‘जास्त’ की ‘कमी’ हे सांगता येतं. पहिल्या वेळी नेहमीप्रमाणेच घ्या. रस्सा आधी चमच्याने प्या: आल्याची आग, मग मद्याचा हलका आंबटगोडपणा. काही ठेल्यांवर वाढण्याआधी कच्चं मद्य वरून ओततात, त्यामुळे अंगात मद्य खरोखर जातं. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, गाडी चालवणारे आणि मद्य वर्ज्य असणारे यांनी ते आधी विचारावं.

शेवया रस्सा फार झपाट्याने पितात. पाच मिनिटं गप्पा मारल्यात तर वाडग्यात लगदा उरतो.

तोच लाल चोथा घालून परतलेला कोवळा नेचा, इथे ‘मिदिन’ म्हणतात, सोबत घ्याच. कुरकुरीत, किंचित बुळबुळीत, हिरवागार. दिवसभराच्या चरबीनंतर तो फार बरा वाटतो.

आणि पोटात जागा असेल तर रात्री फूचाऊ पद्धतीचे परतलेले नूडल्स. पिवळे नूडल्स आधी रिकाम्या तापल्या कढईत थोडे करपू देतात, मग रस्सा ओततात, झाकतात, आणि गडद सोया सॉसचा दाट रस त्यात मुरतो. मांसाच्या चकत्या, कोळंबी, पालेभाजी. कढईचा धुराचा वास ज्या ताटलीला नाही ती मंद आचेवर झालेली आहे. जाळ मोठा दिसतो त्या ठेल्यावरच बसा. एक ताटली दोघांना पुरते.

बरोबर कोणी न खाणारं असेल तर

आपल्या प्रवासी मंडळींत एखादा तरी शाकाहारी किंवा डुक्कर न खाणारा असतोच. त्याने ‘कांपुआ कोसोंग’ मागवलं तर वरचं मांस जातं, पण चरबी तशीच राहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘बाबी’ म्हणजे डुक्कर आणि ‘मिन्याक बाबी’ म्हणजे त्याची चरबी. ‘ताक माऊ मिन्याक बाबी’, म्हणजे चरबी नको, असं सांगून साधं तेल मागता येतं. तरीही झारा आणि उकळतं पाणी तेच असतं. कडक शाकाहारी माणसाला सरळ चिनी शाकाहारी ठेल्यावर न्या. तिथे बौद्ध पद्धतीचं, कांदा-लसूणही टाळणारं जेवण मिळतं, जैन मित्रालाही ते बऱ्याच अंशी चालेल.

सिबूत मुसलमान वस्तीही मोठी आहे. हलाल पाटी लावलेल्या ठेल्यावर बाहेरून आणलेला डुकराचा पदार्थ उघडू नका, त्यांची भांडी-चमचे त्याला लावू नका. एकाच छताखाली दोन्ही तऱ्हेचे ठेले असले तर ताटल्या परत देताना कुठली कुठे जाते ते बघा. कांपुआचा कोंबडीवाला हलाल अवतारही काही ठिकाणी मिळतो.

भातात किंवा नूडल्समध्ये चॉपस्टिक्स उभ्या खोचून ठेवू नयेत, ते मृतांसाठीच्या उदबत्तीसारखं दिसतं. त्या ताटलीच्या कडेवर आडव्या ठेवा.

सिबू जमत नसेल तर

क्वालालंपूरपर्यंतच जाणार असाल तर पेराक राज्यातलं सितियावान आहे. १९०३ मध्ये मेथडिस्ट मिशनच्या पुढाकाराने फूचाऊ कुटुंबं तिथे वसली. पांगकोर बेटाकडे जाताना लुमुतच्या आधी ते लागतं. तिथल्या कांपुंग कोह भागात लाल मद्यातल्या शेवया आणि मातीच्या भट्टीतल्या रोट्या उत्तम मिळतात. तिकडे त्यांना गोंग पियान म्हणतात आणि कांदा-मांसाचं सारण भाजण्याआधीच भरतात. तिथला मिरचीचा सॉसही प्रसिद्ध आहे, एक बाटली घ्याच. कांपुआ मात्र सिबूचाच.

घरी करून बघायचं असेल तर

परत येताना बाजारातून कोरडे कांपुआ नूडल्स आणि मी सुआ घ्या, दोन्ही टिकतात आणि हलके असतात. चरबीची पुडी असलेलं पाकीट किंवा मांसाचा पदार्थ सामानात भरू नका. चरबी घरीच करता येते. गोव्यात, वसईत किंवा मुंबईत जिथे पोर्क मिळतं, तिथल्या खाटकाकडून पाठीची पांढरी चरबी पाव किलो मागा, पोटाची नको.

बारीक तुकडे करा, दोन चमचे पाणी घालून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवा. पाणी उडून तेल सुटायला लागेल. अर्धा-पाऊण तास घाई न करता ढवळत राहा. तुकडे सोनेरी झाले की गाळा. त्याच चरबीत छोट्या कांद्यांच्या पातळ चकत्या मध्यम आचेवर तळा आणि रंग बदलू लागताच बाहेर काढा, बाहेरही त्या गडद होत राहतात. थंड झालेली चरबी बरणीत, फ्रिजमध्ये.

एका माणसासाठी खोलगट ताटलीत एक मोठा चमचा वितळलेली चरबी, दोन छोटे चमचे हलका सोया सॉस, चिमूटभर पांढरी मिरपूड, अगदी थोडी साखर, आवडत असेल तर अजिनोमोटो. शंभर ग्रॅम बारीक नूडल्स भरपूर पाण्यात उकळा, पाकिटावरच्या वेळेपेक्षा थोडं आधी काढा, गार पाण्यातून काढून पुन्हा गरम पाण्यात क्षणभर बुडवा, झटका आणि ताटलीत फिरवा. वर तळलेला कांदा, कांद्याची पात, आणि गाळताना उरलेले ते सोनेरी कुरकुरीत तुकडे. मीठ वेगळं घालू नका, सोया सॉसचं पुरतं.